पंढरपूरच्या खुनाचा माग

आपल्या जुन्या गावगाड्यात गुन्हेगाराचा माग काढण्याची एक रीत होती. चोरी झाली, दरोडा पडला, की गावचा पाटील जागल्या-रामोश्यांना बोलावी. ते मातीतल्या पावलांच्या खुणा पाहत निघत आणि माग शेजारच्या गावच्या शिवेवर नेऊन पोचवीत. तेथून पुढे तो नेण्याची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावाच्या शिवेत माग शिरला आणि पुढे निघाला नाही, त्या गावाने एक तर गुन्हेगार हजर करावा, नाहीतर झालेले नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. रीत साधी, पण तिच्या पोटी मोठा विचार होता. तो असा की, माग जेथे थांबतो तेथे जबाबदारीही थांबते. तेथील धन्याला कानांवर हात ठेवता येत नाहीत.

आता प्रश्न असा की, हा माग एखाद्या गावाच्या शिवेत न थांबता राज्याच्या धन्याच्याच वाड्यात शिरला तर काय करावयाचे? तेथे पाटील काय करणार आणि रामोशी काय करणार? मराठ्यांच्या इतिहासात असा प्रसंग दोनदा ठळकपणे आला. एकदा १७७३ साली, नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या वेळी. दुसऱ्यांदा १८१५ साली, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या वेळी. पहिला प्रसंग आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. दुसऱ्याची कथा मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपते. आम्ही आज त्या दुसऱ्या खुनाचा माग आपल्यासमोर मांडणार आहोत. याला आणखीही एक कारण आहे. पंढरपूरच्या रस्त्यावर सांडलेल्या त्या रक्ताची जी किंमत पुण्याच्या दरबाराला मोजावी लागली, तिच्यात आपण आज ज्या भूमीवर बसलो आहोत ती बेलापूरची भूमीही होती.

त्रिंबकजी आणि शास्त्री

या कथेतील बलाढ्य पुरुष म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. तो संगमनेरजवळच्या निंबगाव जाळीचा पाटील. म्हणजे ज्याने गुन्हेगाराचा माग काढावयाचा त्याच वर्गातला. यशवंतराव होळकराने १८०२ मध्ये पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि दुसरा बाजीराव कोकणात पळाला. त्या धांदलीत त्रिंबकजी हा एक साधा जासूद होता. महाडाहून पुण्याला कागद पोचवून त्याने अतिशय त्वरेने उत्तर आणून दिले आणि त्या चपळाईमुळे तो बाजीरावाच्या नजरेत भरला. जासुदाचा खिजमतगार झाला, खिजमतगाराचा कारभारी झाला, तोफखाना त्याच्याकडे आला, मुलुखाचे इजारे त्याच्याकडे आले. त्याला लिहिण्या-वाचण्याचा गंध बेताचाच होता, पण तो कष्टाळू होता, धाडसी होता आणि धन्याच्या मनातले ओळखून वागण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. धन्याने नुसती इच्छा करावी आणि ती कशी पुरी झाली हे विचारू नये, असा त्या दोघांचा व्यवहार होता.

दुसरा पुरुष गंगाधरशास्त्री. हे पूर्वी पुण्यातच फडक्यांच्या पदरी होते. पुढे बडोद्यास गेले आणि कंपनी सरकारच्या पाठबळाने गायकवाडांच्या कारभारात वर चढले. एल्फिन्स्टनने त्यांचे जे वर्णन आपल्या पत्रात केले आहे ते मोठे मौजेचे आहे. शास्त्रीबोवा विद्वान खरे, पण त्यांची चाल साहेबाची, बोलणे भराभर, समोरच्याचे वाक्य मध्येच तोडण्याची सवय आणि बोलता बोलता इंग्रजी शब्दांची पेरणी. पेशव्यांबद्दल आणि त्यांच्या मंत्र्यांबद्दलही ते मागेपुढे न पाहता बोलत. ही इंग्रजी शब्दांची पेरणी आज आपल्या घराघरांतून होते, तिचे आद्य पीठ बडोद्यात होते असे म्हणावयास हरकत नाही!

हे शास्त्री पुण्यास आले ते एका जुन्या हिशेबासाठी. गायकवाडांकडे पेशव्यांची मोठी बाकी निघत होती. शिवाय अहमदाबादेकडील पेशव्यांच्या हिश्श्याचा इजारा गायकवाडांकडे दहा वर्षे, सालीना साडेचार लाखांना होता आणि त्याची मुदत १८१४ मध्ये संपत होती. बडोद्याला तो इजारा पुन्हा हवा होता, बाजीरावाला तो द्यावयाचा नव्हता. पेशव्यांच्या दरबारात आपल्या जिवास धोका आहे असे शास्त्र्यांना वाटत होते, म्हणून कंपनी सरकारने त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतली. श्रोत्यांनी ही हमी ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

पुण्यात काही महिने बोलणी होऊनही निकाल लागेना. इजाऱ्याची मुदत संपताच बाजीरावाने तो त्रिंबकजीला देऊन टाकला. म्हणजे आता बडोद्याचा वकील आणि पेशव्यांचा कारभारी यांच्यात नुसता राजकारणाचा नव्हे, तर पैशाचाही विरोध उभा राहिला. मग एकाएकी वारे फिरले. बाजीराव शास्त्र्यांवर प्रसन्न झाला. आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देण्याचे ठरविले, त्यांना आपल्या कारभारात घेण्याचे आमिष दाखविले. शास्त्र्यांनीही बडोद्याने सात लाखांचा मुलूख द्यावा आणि वाद मिटवावा अशी तडजोड सुचविली. नाशकास लग्नाची तयारी सुरू झाली. परंतु बडोद्याहून फत्तेसिंगराव गायकवाडांनी मुलूख देण्यास नकार कळविला. शास्त्री पेचात पडले. त्यांनी लग्न पुढे ढकलले व अखेर मोडले. बाजीरावाच्या वाड्यातील रीतभात पाहून आपल्या पत्नीला तेथे पाठविण्यासही त्यांनी नकार दिला. धन्याचा हा दुहेरी अपमान होता. अशा अपमानाची वसुली करणारा माणूस त्याच्या पदरी होताच.

आषाढातील ती रात्र

१८१५ च्या जुलैत बाजीराव आषाढीच्या वारीसाठी पंढरपुरास गेला. त्रिंबकजी बरोबर होता आणि आग्रह करकरून गंगाधरशास्त्र्यांनाही बरोबर नेले होते. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा या सुमारास वेरूळची लेणी पाहावयास गेला होता.

२० जुलैचा दिवस. शास्त्र्यांना ज्वर आला होता. संध्याकाळी त्रिंबकजीकडून निरोप आला की, देवळात पूजेला यावे. शास्त्र्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले. पुन्हा निरोप आला, त्यालाही नकार गेला. पुन्हा बोलावणे आले. आता न जाणे हे उघड उपमर्द केल्यासारखे दिसेल, म्हणून शास्त्री निघाले. बरोबर सातच माणसे, तीही बिनहत्यारी. वाटेत गर्दीतून कोणी विचारले, यांतले शास्त्री कोणते? दुसरा म्हणाला, ज्यांच्या गळ्यात कंठी आहे ते. बरोबरच्या माणसांनी हे ऐकले, पण वारीच्या गर्दीत कोणी कोणाला ओळखीत नाही, तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही. शास्त्र्यांनी देवदर्शन घेतले, त्रिंबकजीशी चार गोष्टी केल्या आणि ते बिऱ्हाडाकडे परतले.

थोडे अंतर गेले असतील नसतील, तोच मागून तीन माणसे, वाट द्या, वाट द्या, असे ओरडत धावत आली. त्यांच्या हातांत पिळलेल्या कापडांचे वेढे दिसत होते. गर्दी हटविणारे चोपदार असावेत असे वाटले. एकाने शास्त्र्यांजवळ येऊन त्या कापडाचा फटका मारला आणि मग कळले की, त्या कापडात तरवार होती. पुढून आणखी माणसे आली. क्षणात सारे आटोपले. पंढरीच्या रस्त्यावर, वारीच्या दिवसांत, विठ्ठलाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर एका ब्राह्मणाचे आणि एका दरबारच्या वकिलाचे तुकडे पडले. मारेकरी आले होते त्याच वाटेने, देवळाकडे पळून गेले.

आपल्याकडे दूत अवध्य मानला आहे. रावणाच्या सभेतही मारुतीला मारू नये असे सांगणारा बिभीषण होता. पंढरपुरात त्या रात्री बिभीषण कोणी नव्हता. शास्त्र्यांची माणसे चौकशीची मागणी घेऊन त्रिंबकजीकडे गेली. तो म्हणाला, चौकशी करू, पण शास्त्र्यांचे वैरी पुष्कळ होते, कोणावर संशय घ्यावा? आणि चौकशी झाली नाही. कोणाला पकडले नाही, नाकी बसल्या नाहीत, दवंडी पिटली नाही. झाले एवढेच की, पेशव्यांनी आणि त्रिंबकजीने आपापल्या भोवतीचे पहारे वाढविले.

रेसिडेंटचा तपास

वेरुळात ही वार्ता एल्फिन्स्टनच्या हाती पडली. या माणसाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. तो १८०१ पासून पुण्याच्या रेसिडेन्सीत उमेदवारी करून वर आला होता. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या बरोबर होता. पुढे नागपूरची रेसिडेन्सी आणि काबूलच्या शहाकडील वकिली करून १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. रसिक, अभ्यासू, सौम्य बोलणारा. पण हाती धरलेली गोष्ट न सोडणारा. त्याने तेथूनच पेशव्यांना पत्र लिहून चौकशीची मागणी केली आणि जालना व शिरूर येथील फौजांना तयारीची सूचना दिली. मग तो पुण्यास आला. शास्त्र्यांच्या माणसांना त्याने आपल्या आश्रयाखाली घेतले आणि त्यांच्या जबान्या मिळविण्यास आरंभ केला.

त्याच्यापुढे दोन माग होते. एक बडोद्याकडे जात होता. शास्त्र्यांचा तेथील प्रतिस्पर्धी सीताराम रावजी याच्या पक्षाचे गोविंदराव बंधूजी आणि भगवंतराव गायकवाड हे त्या वेळी पेशव्यांच्या दरबारी होते. दुसरा माग त्रिंबकजीकडे जात होता. वारंवार पाठविलेली बोलावणी, मारेकऱ्यांचे देवळाकडे पळून जाणे, चौकशीची टाळाटाळ, वाढविलेले पहारे, ही सारी बोटे त्याच्याकडे वळत होती. एल्फिन्स्टनने बडोद्याच्या मंडळींना सोडले नाही, परंतु मुख्य आरोप त्रिंबकजीवर ठेवला. १८१५ च्या ऑगस्टच्या मध्यास त्याने पेशव्यांना पत्र लिहून त्रिंबकजीस अटक करण्याची मागणी केली.

येथे त्याचे चातुर्य पाहण्यासारखे आहे. धन्याच्या संमतीवाचून त्रिंबकजी असे साहस करील काय, हा प्रश्न पुण्यातल्या पेठापेठांतून लोक विचारीतच होते. एल्फिन्स्टनने तो प्रश्न बुद्ध्या विचारला नाही. पेशव्यांना वाईट सल्लागार मिळाले आहेत, त्यांनी अपराध्याला दूर करावे, एवढेच त्याने मांडले. म्हणजे माग वाड्यात शिरला होता, पण तपास करणाऱ्याने तो वाड्याच्या उंबऱ्यावर, कारभाऱ्याच्या पायाशी थांबविला. राजाला निसटण्यास एक दार उघडे ठेवले.

बाजीरावाने त्या दारातून लवकर जावयास हवे होते. तो गेला नाही. आज देतो, उद्या देतो, पुरावा दाखवा, आम्हीच चौकशी करू, असे त्याचे चालले. मग त्याने त्रिंबकजीला कऱ्हाडजवळच्या वसंतगडावर अटकेत ठेवले आणि कळविले की, घ्या, शिक्षा झाली. गुन्हेगाराला त्याच्याच धन्याच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून ठेवणे याला शिक्षा म्हणावयास एल्फिन्स्टन तयार नव्हता. अखेर फौजा पुण्याच्या जवळ येत चालल्या तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस त्रिंबकजी इंग्रजांच्या स्वाधीन झाला. खून होऊन दोन महिने उलटून गेले होते.

ठाण्याचा तुरुंग

त्रिंबकजीला ठेवले ते ठाण्याच्या किल्ल्यात. ऐरोली-दिघ्याकडून खाडी ओलांडून गेले की, आजही तो किल्ला ठाण्यात उभा आहे आणि आजही तो तुरुंगच आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी बळकावलेला हा किल्ला. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने त्रिंबकजीवर सगळा पहारा गोऱ्या सोजिरांचा ठेवला होता. सावधगिरी मोठी, पण तिच्यातच भोक होते. त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हते!

किल्ल्यातील एका इंग्रज अंमलदाराच्या पदरी एक मराठा मोतद्दार होता. तो रोज घोड्याला खरारा करी, फिरवी आणि बंदिवानाच्या खिडकीखालून जाताना गाणी म्हणे. पहारेकऱ्यांना ते एका मोतद्दाराचे गुणगुणणे वाटे. आत बसलेल्याला मात्र त्यातून बाहेरच्या सगळ्या मसलतीची बातमी मिळे. कलकत्त्याचा बिशप हेबर हा १८२५ मध्ये या भागात आला, तेव्हाही लोक ती हकिगत सांगत होते आणि त्याने ती आपल्या प्रवासवृत्तात टिपून ठेवली आहे. ज्या राज्यकर्त्याला प्रजेची भाषा येत नाही त्याच्या डोळ्यांदेखत काय काय घडू शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हांस आठवत नाही.

१२ सप्टेंबर १८१६ ची पावसाळी, अंधारी वेळ. त्रिंबकजी शौचकूपाकडे गेला. त्याच्या भिंतीला लागून तबेला होता आणि त्या भिंतीला आधीच भोक पाडून ठेवले होते. त्या भोकातून तो पलीकडे गेला तो गेलाच. गोऱ्या पहारेकऱ्यांना जाग आली तेव्हा पक्षी उडाला होता.

पुढचे सात-आठ महिने त्रिंबकजी नाशिक-खानदेशच्या डोंगरांत आणि शंभू महादेवाच्या रानात फिरत होता. भिल्ल, रामोशी, मांग, बेकार झालेले स्वार असे लोक त्याच्याभोवती जमत होते. जे रामोशी एरव्ही चोराचा माग काढीत, ते आता त्याचा माग पुसून टाकीत होते. बाजीराव वरून म्हणे, तो कोठे आहे आम्हांस ठाऊक नाही. पण पैसा त्याला पोचत होता, माणसे पोचत होती, असे एल्फिन्स्टनचे हेर सांगत.

माग बेलापुरात येतो

आता एल्फिन्स्टनचा धीर सुटला. किंवा असे म्हणा की, त्याची वेळ आली. ७ मे १८१७ रोजी त्याने पेशव्यांना अखेरचे कळविले : एक महिन्याच्या आत त्रिंबकजीला हजर करावे आणि तोवर ओलीस म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन किल्ले आमच्या हवाली करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुणे शहराला इंग्रज फौजेचा वेढा पडला. बाजीराव नमला. शिवछत्रपतींची राजधानी एका फरारी कारभाऱ्यासाठी गहाण पडली. त्रिंबकजीला पकडून देणारास दोन लाख रुपये रोख आणि हजार रुपये उत्पन्नाचा गाव इनाम, असा जाहीरनामा पेशव्यांच्या नावाने निघाला. परंतु त्रिंबकजी हाती आला नाही.

मग १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. या तहात बाजीरावाने गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाबद्दल त्रिंबकजीस अपराधी म्हणून मान्य केले. येथपर्यंत गोष्ट खुनाची आहे. पुढची कलमे पाहा. पेशव्याने मराठी मंडळाचे प्रमुखपद सोडावे. इतर दरबारांशी वकील ठेवू नयेत. गायकवाडांवरील मागचे सारे दावे सालीना चार लाखांवर सोडून द्यावे. अहमदाबादेचा इजारा साडेचार लाखांनी गायकवाडांस कायम द्यावा. म्हणजे ज्या हिशेबासाठी शास्त्री पुण्यास आले होते तो हिशेब त्यांच्या मरणानंतर त्यांच्या बाजूने मिटला. आणि कंपनीच्या फौजेच्या खर्चासाठी जो मुलूख तोडून दिला त्यात बेलापूर, आटगाव आणि कल्याण हे परगणे व त्यांच्या उत्तरेचे, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील गुजरातपर्यंतचे सारे कोकण होते.

त्याच जून महिन्यात बेलापूरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. चिमाजी अप्पांच्या काळापासून तेथे मराठ्यांचे निशाण होते. ते उतरले ते लढाई हरल्यामुळे नव्हे. खाडीकाठच्या शिलोत्र्यांनी, मिठागरांतल्या आगऱ्यांनी, होड्या हाकणाऱ्या कोळ्यांनी कोणाचा खून केला नव्हता, कोणाला लपविले नव्हते. तीनशे मैलांच्या परिघात चाललेल्या एका पाठलागाचा दंड त्यांच्या गावांवर पडला. आज नवी मुंबई महानगरपालिकेचे भव्य मुख्यालय ज्या किल्ले गावठाणाशेजारी उभे आहे, त्या गावठाणाच्या नावात तेवढा तो किल्ला ठसठशीत उरला आहे. प्रत्यक्षात एक पडका बुरूज आणि काही भिंती. त्या बुरुजावरून जाताना पंढरपूरच्या त्या रात्रीची कोणाला आठवण होत नाही, परंतु या दोहोंना जोडणारा धागा तुटलेला नाही.

अहिरगाव ते चुनार

राहिलेली कथा थोडक्यात सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीस बापू गोखले पडले. या धावपळीत त्रिंबकजी उघडपणे धन्याला येऊन मिळाला होता. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला आठ लाखांची सालीना नेमणूक आणि गंगाकाठचे ब्रह्मावर्त मिळाले. त्रिंबकजीसाठी मात्र त्या तहनाम्यात क्षमेचा एक शब्दही नव्हता. धन्याने आपले अन्न शाबूत ठेवले आणि ज्याच्यासाठी तीन किल्ले गहाण ठेवले त्याला वाऱ्यावर सोडले.

त्याच महिन्याच्या २९ तारखेस नाशिककडील अहिरगाव येथे कॅप्टन स्वान्स्टनच्या स्वारांनी एका घराला वेढा दिला. घराच्या माडीवर गवताच्या ढिगाखाली लपलेला त्रिंबकजी त्यांच्या हाती लागला. एका काळी ज्याच्या शब्दावर पुण्याचा दरबार उठे-बसे तो माणूस मूठभर गवत अंगावर ओढून बसला होता. त्याला पुन्हा ठाण्यास आणले आणि मग काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. १८२४ मध्ये हेबरने त्याला तेथे पाहिले. १८२९ मध्ये तो तेथेच मेला. खुनानंतर चौदा वर्षांनी.

या कथेचा बोध

श्रोतेहो, गुन्हा घडला, तपास झाला, आरोपी सापडला, तुरुंगात मेला. तर मग न्याय झाला असे आपण म्हणू काय? आम्हांस तसे म्हणवत नाही.

एक गोष्ट आपण पाहिली असेल. या चौदा वर्षांत त्रिंबकजी एकदाही न्यायासनासमोर उभा राहिला नाही. ना पुण्याच्या, ना कंपनीच्या. त्याच्याविरुद्धचा पुरावा जवळजवळ सगळा परिस्थितीचा होता. तो भारी होता हे खरे. आमच्या मते त्याच्यावरील संशय रास्तच होता. परंतु बोलावणी पाठविणाऱ्याला कोणी प्रश्न विचारले नाहीत, त्याचे म्हणणे कोणी नोंदले नाही, बडोद्याच्या पक्षाचा हात किती होता याचा साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही. म्हणूनच पुढच्या संशोधकांत याविषयी दोन मते पडली. आणि ज्याच्या मर्जीवाचून पान हलत नव्हते त्या बाजीरावाला तर राजकारणाच्या सोयीसाठी प्रथमच वगळले होते. एल्फिन्स्टनने चिकाटी दाखविली, हुशारी दाखविली, स्वतःच्या सरकारने दिलेल्या हमीची लाज राखली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण तो एकाच वेळी फिर्यादी होता, तपासनीस होता, न्यायाधीश होता आणि दंडाची रक्कम ज्याच्या तिजोरीत जावयाची तो सावकारही होता. अशा माणसाने दिलेला निकाल बरोबर असला तरी त्याला न्याय म्हणता येत नाही.

आता याच्या शेजारी १७७३ सालचा प्रसंग ठेवा. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्याचा माग काढला तो कोणा परकीयाने नव्हे, तर त्याच राज्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. 'ध' चा 'मा' झाल्याची जी कथा आपण ऐकतो तिच्या मुळाशी शास्त्रीबोवांची ती चौकशी आहे. माग रघुनाथरावापर्यंत पोचला. रघुनाथराव गादीवर बसला होता. त्याने प्रायश्चित्त विचारले तेव्हा, देहान्त हेच प्रायश्चित्त, असे त्याला तोंडावर सांगून शास्त्री पुणे सोडून गेले, अशी परंपरा आहे. शास्त्र्यांच्या मागे फौज नव्हती, तोफ नव्हती. रघुनाथरावाला शिक्षा झाली नाही. पण त्या एका वाक्यातून जे बळ निर्माण झाले त्यावर बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, रघुनाथराव गादीवरून गेला आणि राज्य टिकले. पुढे शास्त्री पुन्हा त्याच न्यायासनावर येऊन बसले.

रामशास्त्र्यांकडे न्याय होता, बळ नव्हते. एल्फिन्स्टनकडे बळ होते, न्यायासन नव्हते. आणि त्या रघुनाथरावाचाच मुलगा बाजीराव याच्याकडे १८१५ मध्ये दोन्ही होते. गादी त्याची, फौज त्याची, न्यायाधीशाची जागा त्याच्या नेमणुकीतली. पंढरपूरच्या रस्त्यावर रक्त वाळण्यापूर्वी त्याने त्रिंबकजीला चौकशीस उभे केले असते, तर पुराव्याची छाननी झाली असती, खरा अपराधी मग तो पुण्याचा असो की बडोद्याचा असो उजेडात आला असता, आणि परक्याला आपल्या घरात तपास करावयास येण्याचे निमित्तच मिळाले नसते. इंग्रजांना राज्य घ्यावयाचे होते, त्यांनी दुसरे निमित्त शोधले असते, असे कोणी म्हणेल. शोधले असतेही. परंतु निमित्त शोधावे लागणे निराळे आणि ते आपण तबकात घालून देणे निराळे.

जे राज्य आपल्या लाडक्या माणसाच्या गुन्ह्याची चौकशी स्वतः करीत नाही, त्याची चौकशी दुसरे कोणी तरी करते, आणि ते आपल्या सोयीने करते. ही गोष्ट पेशवाईपुरती नाही. आज आपल्याकडे राजा नाही, कारभारी नाही. पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे, आणि मागच्या हाताने पोचणारा निरोपही आहे. माग एखाद्या बड्या घराच्या दाराशी गेला की पाय जड होणारा तपासनीस कोठे ना कोठे आजही भेटतो. अशा वेळी गावगाड्याचा तो जुना दंडक आठवावा. माग ज्याच्या शिवेत थांबला त्याने गुन्हेगार हजर करावा, नाहीतर भरपाई द्यावी. बाजीरावाने गुन्हेगार हजर केला नाही. त्याची भरपाई आधी बेलापूर-कल्याणने केली आणि मग साऱ्या महाराष्ट्राने केली. माग मध्येच थांबविणारे हात थोडे असतात, भरपाई मात्र सगळ्या गावाला करावी लागते.